मांजर घरात की बाहेर? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही ठाण्याला सहाव्या मजल्यावर राहतो. आमची मनी आता सात महिन्यांची झालीये, मुलीने पार्किंगमधून उचलून आणली होती. गेला आठवडाभर दारापाशी बसून नुसती ओरडतेय, रात्री तर कोणाला झोपू देत नाही. सासूबाई म्हणतात मुक्या जीवाला कोंडून ठेवणं पाप आहे, त्यांच्या माहेरी साताऱ्याला मांजरं दिवसभर हिंडायची आणि दुधाच्या वेळेला बरोबर हजर. मिस्टर म्हणतात खाली सोडलं तर कुत्री फाडतील. सोडायचं की नाही? नसबंदीचं ऑपरेशन अजून केलेलं नाही. आणि मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायावरच पडतं म्हणतात, मग बाल्कनीला जाळी लावायलाच पाहिजे का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: ताई, सोडू नका. पण आधी ते ओरडणं बघू. सात महिन्यांची, ऑपरेशन नाही, अचानक आठवडाभर रात्रंदिवस ओरडणं, त्यात जर ती जमिनीवर लोळत असेल आणि पाठीवर हात फिरवला की मागचा भाग वर करून शेपूट बाजूला घेत असेल, तर तिला फिरायला जायचं नाहीये, ती माजावर आलीये. मांजरी चार-पाच महिन्यांच्या असतानाच माजावर येऊ शकतात, आणि गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. अशा वेळी दार उघडलं तर साधारण दोन महिन्यांनी तुमच्याकडे चार पिल्लं असतील आणि ती कोणाला द्यायची यावर घरात नवीन भांडण. त्यामुळे घरात की बाहेर हे नंतर, आधी व्हेटकडे जाऊन ऑपरेशनची तारीख घ्या. बऱ्याच घरांत बाहेर जायचा हट्ट ऑपरेशननंतर बराच खाली येतो.

आता सासूबाईंचं. त्या चुकीचं बोलत नाहीयेत, त्यांच्या माहेरी तसंच होतं. मागेपुढे अंगण, गाड्या नाहीत, वाडाभर उंदीर, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत की हे कोणाचं मांजर. फक्त एक गोष्ट त्यांना हळूच विचारा, की तेव्हाची मांजरं किती वर्षं जगायची? बहुतेक घरात कोणाला सांगता येत नाही, कारण एक दिसेनासं झालं की दुसऱ्या वेताचं पिल्लू त्या जागी आलेलंच असायचं, आणि जेवायला जी हजर तीच मोजली जायची. घरात ठेवलेली, लसी आणि ऑपरेशन झालेली मांजरं पंधरा वर्षं आरामात काढतात, काही त्याच्या पुढेही जातात.

सोसायटीच्या खाली काय आहे ते तुम्ही रोज बघताच. भटकी कुत्री आहेत, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या आहेत, थंडीत आणि पावसात मांजर गरम बोनेटच्या आत शिरून झोपतं आणि सकाळी कोणीतरी घाईत गाडी चालू करतं (गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारायची सवय सगळ्यांनीच लावून घ्या). मीटररूमपाशी पेस्ट कंट्रोलवाल्याने उंदरांचं औषध टाकलेलं असतं, ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी मांजर आजारी पडतं, मरतंही. आणि बोक्यांशी मारामारी. चावा वरून लहान दिसतो, आत गळू होतं, शिवाय मांजरांमधला एफआयव्ही हा व्हायरस मुख्यतः चाव्यातूनच पसरतो. तो माणसाला होत नाही, पण मांजराची प्रतिकारशक्ती कायमची खाली आणतो. रेबीज तर मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसालाही, हे अजूनही कितीतरी लोकांना माहीत नसतं.

पायावर पडण्याबद्दल. मांजर हवेत वळून पाय खाली करतं हे खरंच आहे. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली छापून आला, त्यात उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली, आणि तेव्हापासून लोक तेवढंच वाक्य ऐकवतात. पण जी खाली पडून जागेवरच गेली ती हॉस्पिटलात कोण घेऊन जाणार? ती या हिशेबात धड आलीच नाहीत. आणि वाचली म्हणजे काय तर जबडा तुटलेला, टाळू फाटलेली, फुप्फुसाबाहेर हवा साचलेली, पाय मोडलेले, अशी वाचली. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून पडूनही हे सगळं होतं. त्यामुळे जाळी पाहिजेच, आणि ती आज. स्लायडिंग खिडकीच्या मच्छरजाळीवर भरवसा ठेवू नका, कबुतर दिसलं की मांजर तिच्यासकट खाली जातं. हल्ली सगळे ती इनव्हिजिबल ग्रिल लावतात, दिसायला छान आहे, पण दोन तारांमधून लहान मांजर सहज निघतं, मांजराचं डोकं गेलं की मागचं अंग जातंच. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी काही मांजरं दातांनी कुरतडतात, म्हणून जाड घ्या किंवा तारेची बारीक भोकांची लावा, आणि खालची कड नीट आवळून घ्या.

एवढं झालं की मग खरं काम सुरू होतं, कारण दार लावून घेतलं आणि वाटीत दाणे टाकले एवढ्यावर मांजर खूश राहत नाही. ते कंटाळतं, जाडं होतं, सोफा फाडतं, पायाला चावतं, आणि मग लोक म्हणतात बघा, कोंडल्यामुळे चिडलंय. त्यात तथ्य आहे. मांजराला शिकार करायची असते, पोट भरलेलं असलं तरी. म्हणून रोज दोन वेळा पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून त्याला पळवा, लपवा, पकडू द्या आणि लगेच जेवण द्या, शिकार करून खाल्ल्यासारखं. दोरी मात्र खेळून झाल्यावर उचलून ठेवा, गिळली तर आतडं कापायची वेळ येते. उंच जागा द्या, कपाटावरचं एक खोकं रिकामं करून तिथे गोधडी टाकली तरी बास. नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांब. लिटरचा (शी-शूच्या वाळूचा) ट्रे खाण्यापासून लांब आणि रोज साफ. आणि खिडकीपाशी बसायला जागा, खाली चाललेला भाजीवाला आणि कुरिअरवाला बघण्यात तिचा अर्धा दिवस जातो. मुलगी रोज हे खेळणं करणार असेल तर प्रश्न निम्मा सुटला, करणार नसेल तर तुम्हालाच करावं लागणार हे गृहीत धरा.

दारापाशी ओरडली तर दार उघडू नका आणि रागावूही नका. दहा वेळा ओरडल्यावर अकराव्यांदा उघडलं की ती शिकते की अकरा वेळा ओरडायचं असतं. लस मात्र घरातल्या मांजरालाही लागते, पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या आजाराचा व्हायरस तुमच्या चपलेला चिकटून घरात येतो आणि पिल्लं त्याने दोन-तीन दिवसांत जातात. तिची ट्रायकॅट (तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजची राहिली असेल तर ऑपरेशनच्या आधीच व्हेटला विचारा.

प्रश्न: आमचं गुहागरजवळ घर आणि वाडी आहे. भाटी (मांजरी) घरची म्हणावी तर घरची, दिवसभर वाडीत असते, भाताच्या कणगीपाशी उंदीर ठेवत नाही. मुंबईहून आलेली सून म्हणते तिला घरातच ठेवा, बिबट्या नेईल. आमच्याकडे मांजर कोणी बांधून ठेवलंय का कधी?
(एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर: काका, बांधू नका, पण सुनेचं अर्धं ऐका. दिवसा वाडीत, दिवेलागणीला आत, असा नियम करा. बिबट्याचं ती उगाच म्हणत नाहीये. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात शेतांमध्ये राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यांच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, सगळ्यात जास्त कुत्री, आणि त्या यादीत मांजरंही होती. शिवाय रात्री घोणस, मण्यार बाहेर असतात आणि मांजराला वळवळणारी गोष्ट सोडवत नाही. आत आणायला फार काही करावं लागत नाही, रात्रीचं जेवण रोज एकाच वेळी पडवीत द्यायचं, ताटली वाजवायची, आली की दार लावायचं, थोड्याच दिवसांत ती स्वतःच वेळेवर येते. कणगी घरातच असेल तर उलट सोयीचं, उंदीर रात्रीच निघतात.

नुसत्या दूधभातावर ठेवत असाल तर मात्र बदला. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांसामाशांतूनच मिळतो, तो कमी पडला तर नजर जाते आणि हृदय कमजोर होतं. तुमच्याकडे मासळीला तोटा नाही, उकडून, काटे काढून द्या, कधी चिकनही द्या, नुसत्या मासळीवरही ठेवू नका. ‘उपाशी ठेवलं तरच उंदीर मारते’ हे खरं नाही, भरल्या पोटाची भाटीसुद्धा मारते. आणि कणगीपाशी उंदरांचं औषधही टाकत असाल तर दोन्हींतलं एक ठेवा, औषध किंवा मांजर. ऑपरेशन आणि रेबीजची लस तिलाही लागते, तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

प्रश्न: मी सध्या मुलाकडे कॅनबेराला आलोय. इथे मांजर घराच्या हद्दीबाहेर सोडायचं नाही असा कायदाच आहे म्हणे! मुलाने अंगणात मांजरासाठी जाळीची खोली बांधलीय, तिला कॅटिओ म्हणतात. मला हा जरा अतिरेक वाटतो, इंग्लंडमध्ये तर लोक बिनधास्त सोडतात.
(एक वाचक, मूळचे नाशिक)

उत्तर: कायदा आहे, खरं आहे. कॅनबेराच्या भागात १ जुलै २०२२ ला किंवा त्यानंतर जन्मलेलं मांजर मालकाच्या हद्दीतच ठेवावं लागतं. पण तिथली गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियात गोरे लोक जहाजांतून घेऊन येईपर्यंत मांजरच नव्हतं, तिथले छोटे पिशवीवाले प्राणी आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी या शिकाऱ्याशिवायच घडले, त्यामुळे त्यांना पळायचं सुचतही नाही. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर एक उडता न येणारा इवलासा रेन पक्षी होता, १८९४ च्या सुमारास तिथे दीपगृह झालं, माणसांबरोबर मांजरं आली आणि थोड्याच काळात तो पक्षी बेटावरून संपला, दुसरीकडे तो उरलाच नव्हता. जर्मनीतसुद्धा वॉल्डॉर्फ नावाच्या गावाने २०२२ च्या उन्हाळ्यात काही भागातली मांजरं ऑगस्टअखेर घरात ठेवायला लावली, का तर तुरेवाल्या चंडोलांची पिल्लं वाचावीत म्हणून. तो चंडोल आपल्याकडे माळरानावर बघायला मिळतो, तिकडे मोजकी घरटी उरलीत.

आपल्याकडे रानमांजर आणि वाघाटी पूर्वापार आहेत, त्यामुळे इथल्या पाखरांना मांजर नवीन नाही. तरीही बागेतल्या शिंपी पक्ष्याचं आणि बुलबुलाचं घरटं खाली असतं, उडायला शिकणारं पिल्लू जमिनीवर असतं, आणि शेजारपाजारची पाच-सहा पोटभरीची मांजरं रोज तिथे चक्कर मारतात. इंग्लंडमध्येच झालेल्या एका अभ्यासात भरपूर मांस असलेलं खाणं दिलं तर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. म्हणजे बिनधास्त सोडणाऱ्यांनाही ही काळजी आहेच. तुमच्या मुलाचा कॅटिओ मला तरी अतिरेक वाटत नाही, ऊन-वारा-पाखरं सगळं दिसतंय आणि कोणी मरत नाहीये. नाशिकला बंगला असेल तर परत आल्यावर तुम्हीच एक बांधा.

प्रश्न: मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी घरी येतेय. नातेवाईक म्हणतात मांजराने पोटातल्या बाळाला धोका असतो, तोपर्यंत मांजर मंडईत सोडून या. आमचा बोका चार वर्षं घरातच आहे.
(एक वाचक, सांगली)

उत्तर: मंडईत अजिबात सोडू नका. एक तर चार वर्षं घरात राहिलेला बोका तिथे टिकणार नाही, दुसरं म्हणजे पाळलेला प्राणी असा उपाशी मरायला टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. नातेवाईक म्हणतात तो आजार टॉक्सोप्लाझ्मोसिस. तो गर्भाला खरंच घातक ठरू शकतो, म्हणून हसण्यावारी नेऊ नका, पण तो कसा येतो ते बघा. मांजराला तो उंदीर-पाखरं किंवा कच्चं मांस खाऊन होतो, आणि सहसा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच त्याच्या शीतून जंतू बाहेर पडतात. बाहेर न जाणाऱ्या, शिजवलेलं किंवा पॅकेटचं खाणाऱ्या बोक्याकडून हे होण्याची शक्यता फारच कमी. पडलेले जंतूही लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस घेतात, म्हणून लिटर रोज बदला, आणि ते काम मुलीने करायचं नाही, तुम्ही करा. तिने कुंड्यांच्या मातीत हात घालताना हातमोजे घालावेत, भाज्या-कोथिंबीर नीट धुवाव्यात, मटण पूर्ण शिजवावं, कारण माणसांना हा आजार बरेचदा तिथूनच होतो. तिच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा, गरज वाटली तर ते रक्त तपासतील. आणि आता नेमका याच महिन्यात त्याला अंगणात मोकळा सोडू नका, म्हणजे झालं.

प्रश्न: बोका पडद्यावर, भिंतीवर सगळीकडे शू मारतो. वासाने घरात बसवत नाही. बाहेरच ठेवावा का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ऑपरेशन झालंय का ते तुम्ही लिहिलंच नाहीये, त्यावरून झालं नसावं असं धरतो. ऑपरेशन न झालेला बोका हद्द आखायला फवारा मारतो, बाहेर ठेवला तर दाराच्या चौकटीवर मारेल. ऑपरेशननंतर बहुतेक बोक्यांचं हे थांबतं, पण सवय जुनी झाली तर वेळ लागतो, म्हणून लांबवू नका. फिनेलने पुसू नका, मांजराला ते विषारी आहे, चाटून पोटात जातं. पेट शॉपमध्ये एंझाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा.

पण नीट बघा, उभं राहून फवारा मारतोय की बसून जोर लावतोय आणि दोनच थेंब येतायत. जोर लावूनही शू होत नसेल तर तो हट्ट किंवा वाईट सवय नाही, मूत्रमार्ग अडकलाय, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तसं दिसलं तर रविवार असला तरी त्याच दिवशी व्हेटकडे न्या.