सांगलीत रोलर स्केटिंग करणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाला आइस हॉकी जमेल का? नियम आपल्या हॉकीसारखेच असतात का?

जमेल, पण थांबायला नव्याने शिकावं लागेल आणि नियम बरेच वेगळे आहेत. मी इथल्या मुलांना इनलाइन स्केट (एका रांगेत चाकं असलेले) शिकवतो आणि एक हिवाळा लेहला बर्फावर धडपडलोय, त्यावरून सांगतो. तोल आणि वळणं तशीच कामी येतात. चाकं मात्र आडवी घसरत नाहीत. बर्फावरच्या स्केटला चाकांऐवजी धातूची पाती असतात; ती आडवी करून, बर्फ खरवडतच थांबतात. पहिला आठवडा त्यातच जातो, ढोपरं फुटतात.

नियमांचं थोडक्यात:
- गोलीसह सहा जण, २० मिनिटांची तीन सत्रं. शिट्टी झाली की घड्याळही थांबतं.
- चेंडूऐवजी पक, म्हणजे साधारण १६० ग्रॅमची रबरी चकती. स्टिकच्या दोन्ही बाजू चालतात (मैदानी हॉकीवाल्यांना हे फार आवडतं).
- खेळाडू मिनिटभरात दमतात, म्हणून खेळ चालू असतानाच बदलतात.
- किरकोळ चुकीला २ मिनिटं बाहेर. तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला की शिक्षा संपते.
- पकच्या आधी तुम्ही समोरची निळी रेषा (समोरच्यांच्या भागाची हद्द) ओलांडून आत गेलात, तर ऑफसाइड. नवी मुलं सगळ्यात जास्त इथंच चुकतात.

अडचण एकच: सांगली-साताऱ्यात बर्फ नाही. त्यासाठी हिवाळ्यात लडाख किंवा देहरादूनची बंदिस्त रिंक गाठावी लागेल. तोवर सिमेंटच्या रिंकवर इनलाइन हॉकी खेळू द्या, हेल्मेट आणि नी-पॅड घालूनच.