वाचकांचे प्रश्न : कॅराव्हॅन घेऊन निघताना डिझेल कुठे भरावे?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून नुकतीच एक कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेतली आहे. टाकी 70 लिटरची आहे आणि विक्रेत्याने 11 किलोमीटरचा ॲव्हरेज सांगितला आहे. दिवाळीनंतर साताऱ्याहून हुबळीमार्गे हंपी आणि तेथून बंगळूर असा बेत आहे. डिझेलचे थांबे कसे ठरवावेत? कर्नाटकात डिझेल स्वस्त पडते, म्हणून रिकाम्या टाकीने निपाणी गाठावी, असे एक स्नेही सुचवतात. ते योग्य आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : विक्रेत्याचा आकडा तूर्त बाजूला ठेवावा. आपली गाडी पाण्याची टाकी, पलंग, फ्रिज, छतावरचे एसी आणि सामान घेऊन धावणार आहे. 100 लिटर पाणी म्हणजेच 100 किलो वजन झाले. त्यामुळे प्रवासाला निघताना असेल तेवढे ओझे घालून टाकी पूर्ण भरावी, कराडपर्यंत जाऊन परत यावे आणि त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरून किती लिटर लागले ते पाहावे. वेग वाढला की उंच, चौकोनी गाडीला वाऱ्याचा विरोध झपाट्याने वाढतो. म्हणून ही चाचणी आपण प्रत्यक्ष ज्या वेगाने जाणार, त्याच वेगाने घ्यावी.

समजा, 9 किलोमीटरचा ॲव्हरेज निघाला. कागदावर टाकी 630 किलोमीटर पुरते, परंतु तळाची पाव टाकी, म्हणजे सुमारे 17 लिटर, नाहीच असे मानून हिशेब करावा. उरलेल्या डिझेलवर 470 किलोमीटर होतात आणि घाट, वारा, वाहतूककोंडी धरून दोन भरण्यांमध्ये 400 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नये. ही सावधगिरी अकारण नाही. डिझेल गाडी कोरडी पडली की नळीत हवा धरते आणि ती काढल्याशिवाय, नुसते कॅनभर डिझेल ओतून, गाडी बहुधा सुरू होत नाही. शिवाय आधुनिक इंजिनातील उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच, त्यामुळे तो कोरडा फिरणे फार महागात पडू शकते.

आता आपल्या स्नेह्यांचा सल्ला. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मूल्यवर्धित कर राज्याराज्यांत वेगळा असल्याने दरात फरक पडतो, आणि जून 2017 पासून दर रोज जाहीर होत असल्याने निघण्याच्या दिवशी दोन्हीकडचे दर पाहूनच ठरवावे. लिटरमागे 2 रुपये वाचतात असे धरले, तर 50 लिटरमागे 100 रुपये होतात. एवढ्यासाठी रिकाम्या टाकीचा धोका पत्करणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही, आणि स्वस्त पंपासाठी 10–12 किलोमीटर वाट वाकडी केली तर ते शंभर रुपये जाण्यायेण्यातच संपतात. मात्र निपाणी आपल्या वाटेवरच, साताऱ्याहून साधारण 160 किलोमीटरवर आहे. अर्ध्या टाकीने निघालात, तर तेथे पोहोचताना ती राखीव पाव टाकी शिल्लक असेल. तेथे टाकी भरावी. पुढे हुबळीपर्यंत सुमारे 165 आणि गदग, कोप्पळमार्गे हंपीपर्यंत जवळपास तेवढेच अंतर आहे. म्हणजे हंपीला पोहोचताना जवळजवळ निम्मी टाकी उरते. बंगळूरला निघण्याच्या दिवशी नव्हे, तर हंपीत फिरत असतानाच आदल्या संध्याकाळी जवळच्या होस्पेटला टाकी भरून ठेवावी, म्हणजे चित्रदुर्गमार्गे बंगळूरचे सुमारे 340 किलोमीटर डिझेलची चिंता न करता होतील.

पंपाची निवड नकाशावर करताना तो आपल्या बाजूला आहे का, हे आधी पाहावे. दुभाजकापलीकडच्या पंपासाठी लांबचा वळसा पडतो. सातारा ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामांमुळे वाहतूक सेवा रस्त्यावर वळवलेली आढळते, तेव्हा समोर दिसणाऱ्या पंपावरही सहज शिरता येईलच असे नाही. म्हणून ठरवलेल्या पंपाच्या अलीकडचा एक पंप मनात असावा. गाडीची उंची एसी आणि सौर पट्ट्यांसह मोजून चालकासमोर लिहून चिकटवावी. शहरातील जुन्या पंपांची छपरे ठेंगणी असू शकतात; ट्रक जेथे डिझेल भरतात, असा महामार्गावरचा ऐसपैस पंप आपल्याला सोयीचा. पंपावर हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह विनामूल्य मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, तेव्हा जेवण, चहा आणि टायरमधील हवा ही कामे त्याच थांब्यात उरकावीत. मापाविषयी शंका आली, तर 5 लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागता येते. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की तेथेच थांबावे. आणि इतके करूनही राष्ट्रीय महामार्गावर अडचण आलीच, तर 1033 हा मदत क्रमांक आहे.

प्रश्न : कॅराव्हॅनमध्ये गॅसची शेगडी आहे आणि छोटा पेट्रोल जनरेटरही आहे. पंपावर काय काळजी घ्यावी? जनरेटरसाठी पेट्रोल जवळ ठेवावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सिलिंडरची मुख्य कळ पंपावर नव्हे, पंपात शिरण्यापूर्वीच बंद करावी. गॅसवर चालणारा फ्रिज असेल, तर त्याची ज्योत विझली आहे का, ते स्वतः पाहावे, कारण नेमकी तीच विसरली जाते. जनरेटर बंद असावा आणि मागे कोणी चहा ठेवलेला नसावा. राहत्या गाडीत पेट्रोलचा साठा ठेवू नये, प्लास्टिकच्या कॅनमध्ये तर मुळीच नाही. उन्हात तापलेल्या बंद गाडीत त्याची वाफ साचते. जनरेटरची स्वतःची टाकी, तीही तो गार झाल्यावर, पंपावर उतरवून भरावी.

प्रश्न : आमच्या बीएस-6 गाडीला डिझेलखेरीज युरियाचे द्रावणही लागते. त्याचे नियोजन कसे करावे?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : धुरातील प्रदूषण कमी करणारे हे 32.5 टक्के युरियाचे द्रावण डिझेलच्या मानाने फारच थोडे लागते. परंतु ते संपू दिले, तर गाडी आपली ताकद कमी करते आणि काही गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. घरून निघताना त्याची टाकी भरावी आणि सीलबंद डबा सावलीच्या कप्प्यात ठेवावा. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून वापरणे सर्वस्वी चुकीचे आहे. त्यातील अशुद्धीने यंत्रणा खराब होते. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडले, तर किल्लीही फिरवू नये, कारण किल्ली फिरवताच पंप ते पुढे ढकलू लागतो. गाडी ओढून न्यावी आणि टाकी रिकामी करून धुऊन घ्यावी.