फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये वडिलांना गिळायला त्रास होतोय, खायला काय द्यावं?

काय द्यावं ते नंतर, आधी पाणी पिताना खोकला येतो का ते बघा. आमच्या अण्णांच्या डाव्या फुफ्फुसात गाठ होती, आवाज महिनाभर बसलेला आणि आम्ही आपले ज्येष्ठमध चघळायला देतोय. डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर घशाकडे जाते, गाठीने ती दाबली की आवाज तर जातोच पण गिळताना श्वासनलिकाही नीट मिटत नाही. अशा माणसाला भातापेक्षा पाणी घातक, ते पटकन श्वासनलिकेत उतरतं, आणि आमच्याकडे भात बंद करून शहाळं, सरबत, पेजेचं पाणी चालू! आत्या उशाशी बसून आडव्या माणसाला चमच्याने पाजायची, अण्णा खोकून लालबुंद व्हायचे आणि ती म्हणायची हाय खाल्लीय त्याने, जोर करून प्यायला पाहिजे. एकदा मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली तर "बापाचं पाणी तोडतेस" हे चार माणसांत ऐकून घ्यावं लागलं. आठवड्यात ताप, एक्सरेत न्यूमोनिया, अ‍ॅडमिट.

तिथे नाकातून नळी घातली. आत्याच्या मते नळी म्हणजे संपलं. साफ चूक, महिनाभर नळीतून पोटात नीट गेलं म्हणून तर अंगात ताकद आली. मग स्वॅलो थेरपिस्टनी, म्हणजे नीट गिळायला शिकवणाऱ्यांनी, शिकवलं, ताठ बसायचं, मान डावीकडे वळवून गिळायचं, पाणी दाट करायची पावडर मिळते ती घालून पाणी मधासारखं घट्ट करायचं, जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गणपतीत अण्णांनी मऊ गुरगुट्या भात स्वतःच्या हाताने खाल्ला.

पण हे आमच्या केसपुरतं हं. तुमच्या वडिलांना घास छातीत अडकल्यासारखा वाटत असेल तर छातीतल्या गाठींनी अन्ननलिका दाबली गेली असेल, तिथे उलट पातळच सोपं जातं, कधी स्टेंट, म्हणजे अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी टाकतात. रेडिएशन चालू असेल तर दोन-तीन आठवड्यांनी अन्ननलिका सोलल्यासारखी जळते, संपल्यावर हळूहळू उतरते. तोंडात पांढरे चट्टे असतील तर बुरशी, त्याला औषध आहे. आणि प्रत्येक घोटाला खोकला येऊन खाल्लेलंच कफातून बाहेर पडत असेल तर तोंडाने देणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडलेलं असू शकतं.

आणि घरात जो कोणी "खात नाही, हट्टी झालाय" म्हणतोय त्याला थेरपिस्टसमोर नेऊन बसवा. मी आत्याला नेलं नाही. ती अजून लग्नाकार्यात सांगते की हिने भावाचं माझ्या पाणी तोडलं. तोडलं नव्हतं, रोज पावडर मोजून, ढवळून, घट्ट करून मीच पाजत होते.