वाचकांचे प्रश्न : डॉक्टर आजोबांच्या पत्रांची ट्रंक

प्रश्न : माझ्या आजोबांनी गुहागर तालुक्यात सुमारे चाळीस वर्षे डॉक्टरकी केली. विंचूदंश आणि हिवताप यांवरील उपचारांसाठी पंचक्रोशीत त्यांचे नाव होते आणि मुंबईतील काही नामवंत डॉक्टरांशी त्यांचा नियमित पत्रव्यवहार होता. त्यांच्या पत्रांची एक ट्रंक माळ्यावर सापडली आहे. तिच्यात पोस्टकार्डे, अंतर्देशीय पत्रे, रुग्णांची पत्रे आणि आजीला लिहिलेली घरगुती पत्रेही आहेत. मोठ्या डॉक्टरांची पत्रे तेवढी लॅमिनेट करून ठेवावीत आणि बाकीची जाळून टाकावीत, असे माझे चुलते म्हणतात. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : यांतले एकही पत्र कृपा करून जाळू नका आणि एकाही पत्राचे लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचे चिकटते, आणि पुढे कागद पिवळा पडू लागला किंवा आत ओल राहिली, तर पत्राला धक्का न लावता ते प्लास्टिक सोडवता येत नाही.

महत्त्वाची पत्रे निवडण्याच्या विचाराने मला अधिक काळजी वाटते. 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले, तेव्हा महाविद्यालयाच्या दृष्टीने तो एका अर्जदार मुलीचा कागद होता. तो तेथील दप्तरात राहिला, म्हणून आज त्या महाविद्यालयाची कागदपत्रे सांभाळणाऱ्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आपल्याला पाहता येतो. रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले, हे पाठ्यपुस्तकांतही असते. परंतु त्याआधीची निराशा, फसलेले प्रयोग आणि बदल्यांचा त्रास त्यांनी लंडनचे डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांना लिहिलेल्या पत्रांतून कळतो. रॉस यांची कागदपत्रे आता लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये आहेत.

आपल्या आजोबांच्या बाबतीतही मुंबईच्या डॉक्टरांनी काय सल्ला दिला, यापेक्षा भर पावसात खाडी ओलांडून रुग्णापर्यंत कसे पोहोचावे लागे, औषधाची पेटी बोटीने यायला किती दिवस लागत आणि फीऐवजी कोणी तांदूळ आणून दिले, हे आजीच्या पत्रांत सापडण्याची शक्यता अधिक आहे. मी एकदा असाच एक गठ्ठा पाहिला होता. त्यात रुग्णाचे पोस्टकार्ड, त्याच्या पाठीवर डॉक्टरांनी पेन्सिलीने लिहिलेली मात्रा आणि औषधांच्या दुकानाचे बिल हे तिन्ही कागद एकाच टाचणीने जोडलेले होते. टाचणी गंजून तिचा तांबूस डाग तिन्ही कागदांवर उतरला होता, आणि ते कागद एकाच आजाराचे आहेत, हे त्या डागावरूनच कळत होते. म्हणून पत्रे जशी बांधलेली आहेत त्याच क्रमाने राहू द्यावीत. टाचण्या व रबरबँड हळूच काढावेत, पण कोणता कागद कोणाबरोबर होता, याची नोंद करून मगच. पाकिटे फेकू नयेत. पत्रावर तारीख नसेल, तर टपालाच्या शिक्क्यावरून काळ ठरवता येतो.

आपल्याकडे मे महिन्यात सगळे सामान उन्हात घालण्याची पद्धत आहे. पत्रांना मात्र ऊन दाखवू नये, कारण शाई उडते. दमट कागद सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर, टीपकागदांमध्ये सुकू द्यावेत. कौलांखालचा माळा तापतो आणि गळतोही, तेव्हा ट्रंक माजघरात आणून जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून दूर ठेवावी. पत्रे आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालावीत आणि वाळवी व कसर यांसाठी महिन्यातून एकदा पाहणी करावी. डांबरगोळ्या मात्र ठेवू नयेत, कारण त्यांचा वास कागदात मुरतो आणि पत्रे हाताळणाऱ्यालाही तो अपायकारक असतो.

रुग्णांच्या नावांचा प्रश्न खरोखर नाजूक आहे. विश्वासाने सांगितलेला आजार डॉक्टरांच्या मृत्यूनंतरही खासगीच राहतो, आणि लहान गावात आडनावावरून घर ओळखता येते. तरीही नावांवर शाई फिरवू नये. अशी पत्रे वेगळ्या पाकिटात ठेवून, मूळ गठ्ठ्यातील त्यांच्या जागी तशी चिठ्ठी घालावी. अभिलेखागाराला देताना करारात ती ठरावीक वर्षे बंद राहतील, अशी अट लिहून घ्यावी. शिवाय पत्राचा कागद आपल्या मालकीचा असला, तरी मजकुराचा हक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा असतो, त्यामुळे छापण्यापूर्वी परवानगी लागू शकते.

मुंबईचे पुराभिलेख संचालनालय, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे लेखी विचारणा करावी. तालुक्याच्या वाचनालयाबद्दल आपल्याला आपुलकी असेल, पण तेथे कोरडी, बंद खोली आणि नोंदवही सांभाळणारी व्यक्ती आहे का, हे आधी पाहावे. संग्रह कोठेही द्या, पण अखंड द्या, आणि स्कॅन केलेली एक प्रत घरी ठेवा.

देण्यापूर्वी एक काम आपल्या चुलत्यांकडे सोपवावे. पत्रांत ‘बाबल्या’, ‘वरच्या वाडीतील काकी’ असे उल्लेख असतील, तर ती माणसे कोण, हे सांगणारे बहुधा तेच शेवटचे आहेत. संध्याकाळी ओटीवर त्यांच्याजवळ बसून एकेक पत्र वाचून दाखवावे आणि ते सांगतील ते पत्राच्या क्रमांकासह वेगळ्या वहीत पेन्सिलीने लिहून घ्यावे.