चुकारा कोणत्या खात्यात घ्यावा?

आर्णी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर कापूस दिला, 1 लाख 80 हजारांचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, यायचा आहे. खातं जनधनचं. भाचा म्हणतो पोस्टात खातं काढ, व्याज जास्त. पतसंस्थेचा एजंट घरी येऊन बसतो. मुलीची कॉलेजची फी सहा महिन्यांनी. आणि हो, 90 हजारांचं पीककर्ज भरायचंय.

ताई, ते कर्ज तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलंत, पण खरा पैसा तिथंच आहे. पोस्टाच्या बचत खात्यावर 4 टक्के व्याज, स्टेट बँकेत अडीच. कर्ज फेडून उरणारे 90 हजार सहा महिने ठेवले तर फरक 675 रुपयांचा. पीककर्ज मात्र मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून 3 लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. तारीख हुकली तर 7 टक्क्यांनी वर्षाचे 6300 रुपये. म्हणून चुकारा जमा झाला की त्याच आठवड्यात कर्ज भरा. मृगात बियाण्याला हात रिकामा राहील ही धास्ती मला कळते; पण जुनं खातं निल झालं की नव्या हंगामाच्या कर्जाची वाट मोकळी होते.

जनधन खातं मोडू नका. किमान शिल्लक लागत नाही, दंड नाही. फक्त एक तपासा. कमी कागदांवर उघडलेलं ‘छोटं खातं’ असेल तर त्यात वर्षाला 1 लाखावर रक्कम जमा होत नाही आणि शिल्लक 50 हजारांवर जाऊ शकत नाही. तुमचा चुकारा त्यात मावणारच नाही. उद्याच पासबुक, आधार, पॅन घेऊन जा आणि केवायसी पूर्ण करून घ्या.

पोस्टात 500 रुपयांत खातं उघडेल, उघडा हवं तर. पण अनुदानाची आधार जोडणी तिकडे हलवू नका. आधार शेवटी जिथं जोडलं तिथं पैसा जातो, आणि बाया जुन्या पासबुकात एंट्री मारून मारून पीएम किसानचा हप्ता शोधत बसतात. मी पाहिलंय.

पतसंस्था नकोच. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. माझ्या आत्याचे पैसे अशाच एका ठिकाणी अडकले. पावत्या तिनं पितळी डब्यात बांगड्यांखाली जपल्या होत्या. डबा अजून आहे, पैसे आले नाहीत.

कर्ज फिटल्यावर 90 हजार उरतील. 40 हजार बी-खतासाठी जनधनमध्येच राहू द्या. 50 हजारांची त्याच बँकेत सहा महिन्यांची एफडी करा, फीच्या वेळेला हाती येईल. नॉमिनी म्हणून मुलीचं नाव द्या आणि पावतीवर ते छापून आलंय का, हे काउंटरवरच वाचून पाहा.