कोर्टाची खिडकी : वॉरंटची यादी कुठे मिळते?

वाचकांचे कोर्टकचेरीचे प्रश्न. उत्तरं देतात पुण्याच्या जिल्हा न्यायालयात नक्कल विभागात अनेक वर्षं काम करून निवृत्त झालेल्या आमच्या सदरलेखिका.

प्रश्न : ताई, आमचा मुलगा नोकरीसाठी टेक्सासला असतो. मध्यंतरी आम्ही गावी गेलो असताना एक हवालदार सोसायटीत आले आणि ‘याच्या नावाचं वॉरंट आहे’ एवढंच वॉचमनला सांगून गेले. कागद ठेवला नाही. मुलगा म्हणतो, तिकडे शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाच्या, वेबसाइटवर नाव टाकलं की वॉरंट आहे की नाही ते दिसतं, तसं पुण्याचं बघ. मी शोधून दमले. आमच्या ह्यांचा तर जेवणातला जीवच गेलाय. — व. कु., सहकारनगर

उत्तर : सापडणार नाही, कारण तशी यादीच नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच काउंटींमध्ये शेरीफचं ऑफिस निघालेली वॉरंटं ऑनलाइन टाकतं. आपल्याकडे ना कोर्ट टाकतं, ना पोलीस. ‘वॉरंट चेक करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

वॉरंट कुठल्या तरी केसमध्ये, कुठल्या तरी तारखेला, कुठल्या तरी न्यायाधीशांनी काढलेलं असतं. तेव्हा आधी केस शोधा. आमच्या खिडकीवरही लोक ‘मॅडम, माझं वॉरंट बघा ना’ म्हणून यायचे. केस नंबर विचारला की गप्प. नंबराशिवाय कोर्टात कुणालाच काही सापडत नाही, न्यायाधीशांनासुद्धा.

सोपा रस्ता आधी. वॉरंट कोर्टातून पत्त्याच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला जातं. तुमच्या ठाण्यात जा आणि समन्स-वॉरंटचं काम बघणारे हवालदार कोण ते विचारा. त्यांच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या : कोर्ट कुठलं, केस नंबर काय, आणि वॉरंट जामीनपात्र की अजामीनपात्र. जामीनपात्र असेल तर किती रकमेच्या जामिनावर सोडायचं ते त्यावरच लिहिलेलं असतं. ठाण्यात जायला घाबरू नका. मुलाच्या वॉरंटवर आईवडिलांना नेता येत नाही.

आता घरबसल्या. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ही सरकारी वेबसाइट आहे, मोबाइल ॲपही आहे, दोन्ही फुकट. राज्य महाराष्ट्र, जिल्हा पुणे, मग कोर्ट संकुल निवडायचं. बहुतेक लोक इथेच चुकतात. शिवाजीनगर म्हणजे सगळं पुणे नव्हे. पिंपरी, खडकी, कॅन्टोन्मेंट इथली कोर्टं वेगळी. बारामती, जुन्नर, खेड, दौंड, वडगाव मावळ इथली आणखी वेगळी. एका संकुलात नाव दिसलं नाही म्हणून हुश्श करू नका, बाकीचीही बघा.

नावावरून शोधताना पूर्ण नाव टाकू नका. नुसतं आडनाव इंग्रजीत टाका, वर्ष टाका, ‘पेंडिंग’ निवडा. स्पेलिंग बदलून बदलून बघा. नोंद करणाऱ्याने गायकवाडांचं स्पेलिंग कसं केलं असेल ते त्यालाच माहीत. आम्ही एकाच खोलीत बसून चार तऱ्हांनी करायचो. वर्षही पुढेमागे करा. वॉरंट आत्ता आलं म्हणून केस आत्ताचीच असेल असं नाही.

केस उघडली की सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतःचा ओळख नंबर, दिसेल. पुण्याचा असेल तर तो एमएचपीयू या चार अक्षरांनी सुरू होतो. तो वहीत लिहून ठेवा, पुढे नावाची झटापट करावी लागणार नाही. मग खाली तारखांचा तक्ता येतो. बहुतेक जण पुढची तारीख बघून पान बंद करतात. तसं करू नका. मागच्या एकेका तारखेवर बोट ठेवा, त्या दिवशी काय झालं ते उघडतं. कोर्टाच्या भाषेत हाच रोजनामा. ‘आरोपी गैरहजर, अजामीनपात्र वॉरंट काढा’ ही ओळ सापडली तर तिथेच सापडेल. तक्त्यात ‘एनबीडब्ल्यू अनरेडी’ असं दिसलं तर अजामीनपात्र वॉरंट निघालेलं आहे आणि आरोपी अजून हजर नाही, म्हणून केस पुढे सरकत नाही, असं समजा.

माझा अंदाज विचाराल तर मुलाला एकच विचारा : जाताना एखादं कर्ज, क्रेडिट कार्ड, दिलेला चेक मागे राहिला होता का? परदेशी गेलेल्या मुलांच्या नावावर पुष्कळदा चेक न वटल्याची, म्हणजे कलम १३८ ची केस निघते. समन्स जुन्या भाड्याच्या पत्त्यावर जातं, ‘घर सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत येतं, आणि काही तारखांनी वॉरंट निघतं. आधी समन्स, मग जामीनपात्र, त्यानेही भागलं नाही तर अजामीनपात्र, हा क्रम पाळावा असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलेलं आहे. कागदोपत्री तो बहुतेकदा पाळलेला असतो, फक्त ज्याच्यासाठी पाळला त्याला पत्ता नसतो.

‘जुनं वॉरंट आपोआप बाद होतं’ असं कुणी शेजारी सांगेल. खोटं आहे. ते बजावलं जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ७२ मध्ये आहे. आणि दुसरं : कोर्टाचं वॉरंट किंवा समन्स चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, तशी तरतूद १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातच आहे. मुलाचा पासपोर्ट नूतनीकरणाला आला असेल तर थांबू नका.

इथला वकील द्या, वकीलपत्र करा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. मुलाला प्रत्यक्ष यावं लागेल की नाही हे न्यायाधीश ठरवतील. वॉरंट रद्द झालं की त्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढा आणि स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन द्या. रद्द झाल्याचा निरोप ठाण्यात पोचायला वेळ लागतो आणि तोवर जुना कागद तिथल्या फायलीत तसाच असतो. त्या नकलेची एक प्रत मुलाकडेही राहू द्या. रात्री विमानतळावर ‘कोर्टात सगळं मिटलंय हो’ असं तोंडी सांगून काही होत नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर सीबीआयच्या नावाने माझ्या अटकेचं वॉरंट आलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. ‘डिजिटल अटक’ झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका म्हणाले. फोन ठेवलाय, पण खरं असेल तर? — निवृत्त शिक्षक, धनकवडी

उत्तर : फोन ठेवलात ते उत्तम केलंत. ‘डिजिटल अटक’ नावाची चीज कुठल्याही कायद्यात नाही. समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावायची सोय नव्या संहितेत आहे, पण अटक माणूस येऊन करतो, आणि तुम्ही मागितलंत तर त्याला वॉरंट दाखवावं लागतं. त्यावर कोर्टाचा शिक्का आणि न्यायाधीशांची सही लागते. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. पडताळणीसाठी कुठल्या खात्यात पैसे भरा असं कोर्ट कधीच सांगत नाही. त्या कागदावर केस नंबर असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ई-कोर्ट्सवर टाकून बघा. मात्र हे लबाड लोक दुसऱ्याच कुणाचा खरा नंबरही छापतात, तेव्हा पक्षकारांची नावं वाचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, एक-एक तास महत्त्वाचा. गेले नसतील तरीही तक्रार नोंदवा. आणि अशोकस्तंभ हल्ली कुणीही छापतं.

प्रश्न : मुलीसाठी स्थळ आलंय. मुलाचं नाव कोर्टाच्या साइटवर टाकलं तर ढीगभर केसेस आल्या! नकार कळवावा का? — एक आई, चिंचवड

उत्तर : थांबा. आडनाव जाधव-शिंदे-पवारांपैकी असेल तर ढीग येणारच. त्यातला एकही माणूस तुमचा नसण्याची शक्यता आहे. वडिलांचं नाव जुळतं का बघा, आणि केस उघडून पत्ता, पोलीस ठाणं, कलम बघा. आणि जुळलं तरी केस चालू असणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. सोसायटीच्या भांडणातली केस वेगळी, पहिल्या बायकोने छळाची केलेली वेगळी. सगळ्या एका रांगेत दिसतात म्हणून सगळ्या सारख्या नसतात.

उलटही खरं. साइटवर काही नाही म्हणून मुलगा धुतल्या तांदळासारखा असं समजू नका. काही संवेदनशील प्रकरणं तिथे उघड केलेलीच नसतात. पोलिसांचे एफआयआर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर ऑनलाइन टाकले जातात, पण लैंगिक गुन्ह्यांसारखे एफआयआर त्यातून वगळलेले असतात.

मी तर म्हणेन, सरळ विचारा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र ज्याचं त्याला काढता येतं. मुलाकडून मागा, आणि तुमच्या मुलीचंही द्या. पत्रिका दोन्हीकडच्या बघता ना? आणि शोधून जे सापडलं ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्याच जाधवांची बदनामी केलीत तर तुम्हीच माझ्या जुन्या खिडकीवर याल.

प्रश्न : वाघोलीजवळ जमीन घेतोय. विकणाऱ्याच्या नावावर दावा नाही हे साइटवर बघितलं. पुरे का? — सं. दे., खराडी

उत्तर : नाही. जमिनीचे दावे विकणाऱ्याच्या नावापेक्षा त्याच्या बहिणीच्या, चुलत्याच्या नावाने जास्त सापडतात. वाटपाचा दावा आत्याने लावलेला असतो आणि पुतण्या जमीन विकत असतो. सातबाऱ्यावरचे जुने फेरफार काढा, त्यात आलेल्या प्रत्येक वारसाचं नाव दिवाणी केसेसमध्ये शोधा. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. फेरफाराची तक्रार तहसीलदार किंवा प्रांतांपुढे चालू असेल तर ती ई-कोर्ट्सवर दिसणार नाही, महसूल खात्याच्या प्रकरणांची साइट वेगळी आहे. दुय्यम निबंधकांकडे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, शोधताना दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेन्डन्स नोंदवलेली आहे का तेही बघायला सांगा. फ्लॅट असता तर महारेरावर प्रकल्पाच्या पानावर आणखी माहिती मिळाली असती. चांगला वकील जुन्या काळापर्यंत मागे जाऊन सर्च रिपोर्ट देतो. त्याची फी वाचवू नका.

प्रश्न : आजोबांच्या १९६० च्या सुमाराच्या दाव्याचा निकाल हवा आहे. माहिती अधिकारात मागू का? — प्र. जो., नारायण पेठ

उत्तर : कोर्टातल्या कागदांसाठी माहिती अधिकार नाही, कोर्टाच्या नियमांनुसार नकलेचा अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय. केसमध्ये पक्षकार नसलेल्याने कशासाठी हवं ते कारण लिहायचं. वारस असाल तर तसं लिहा, पुरावा जोडा. अर्जाला कोर्ट फीचा स्टँप लागतो.

अडचण ही की इतकं जुनं ई-कोर्ट्सवर मिळण्याची आशा धरू नका आणि दफ्तरखान्यात नंबराशिवाय कुणी फडक्याची गाठ सोडत नाही. घरातल्या ट्रंकेत जुनी नोटीस, वकिलाचं पत्र, फेरफाराचा उतारा शोधा. निकालाने जमीन इकडची तिकडे झाली असेल तर फेरफारात दाव्याचा नंबर आणि वर्ष लिहिलेलं असतं. जुनी कागदपत्रं नियमाप्रमाणे नष्टही करतात. साक्षीपुरावे आधी जातात, हुकूमनामा बराच काळ ठेवतात, म्हणून अर्जात ‘संपूर्ण फाइल’ न मागता ‘निकाल व हुकूमनामा’ एवढंच मागा. आणि मेट्रोने या, जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा. गाडी लावायला तिथे जागा मिळणार नाही.