धापेची नोंद होते, मग पंप का मिळत नाही?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६४. तिचा सगळा जन्म चुलीपुढे गेला. विडी-तंबाखूला तिने कधी हात लावला नाही. आता घराच्या चार पायऱ्या चढल्या तरी तिला धाप लागते. आरोग्य केंद्रातून रक्तदाबाच्या गोळ्या दरमहा मोफत मिळतात, श्वासावाटे औषध ओढायचा पंप मात्र बाहेरून विकत आणावा लागतो. श्वसनाचे विकार सरकारी धोरणात बसतच नाहीत का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : धोरणात ते बसतात, आणि म्हणूनच आपली तक्रार रास्त आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हृदयविकार, कर्करोग व मधुमेह यांच्या जोडीने दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे होणारे अकाली मृत्यू २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. २०२३ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत दमा आणि सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा फुप्फुसाचा दीर्घकालीन आजार) यांचाही त्यात समावेश आहे. तिशीपुढील व्यक्तींसाठी आशाताई जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात धाप लागते का आणि स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, हे दोन्ही विचारलेले असते. म्हणजे चुलीचा धूर हे फुप्फुसाच्या आजाराचे कारण आहे, हे सरकारला मान्य आहे.

अडचण त्यापुढे सुरू होते. रक्तदाब दोन मिनिटांत मोजता येतो. सीओपीडीच्या खात्रीशीर निदानासाठी मात्र स्पायरोमेट्री लागते, म्हणजे रुग्णाने नळीत जोराने व पूर्ण फुंकायचे आणि ते नीट करवून घेणारा प्रशिक्षित माणूस शेजारी हवा. त्यामुळे ही तपासणी बहुधा मोठ्या रुग्णालयापाशीच अडते. त्यातच मे २०२३ मध्ये साडेसात कोटी रुग्णांना २०२५ अखेर नियमित उपचारांखाली आणण्याचा जो संकल्प जाहीर झाला, तो केवळ रक्तदाब आणि मधुमेहाचा होता. माझ्या मते खरी उणीव इथेच आहे, कारण ज्या आजाराचा हिशेब वरून मागितला जात नाही, त्याचे औषध खालच्या कपाटात टिकत नाही. साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड आणि टायोट्रोपियम ही श्वासावाटे घ्यायची औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. यादीत असणे आणि केंद्रात असणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या राहिल्या आहेत.

आपण प्रथम वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून स्पायरोमेट्रीसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी. दमा की सीओपीडी हे ठरल्यावर औषधाचे नाव लिहून घेऊन तेच केंद्रात मागावे, आणि नसल्यास लेखी मागणी द्यावी. पंपाची सवय लागते ही भीती आईच्या मनात असेल तर ती काढून टाका : औषध थेट फुप्फुसात जात असल्याने गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. पंप स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी) लावून, डॉक्टरांसमोर एकदा वापरून दाखवावा. चुकीच्या पद्धतीने ओढलेले औषध बरेचसे घशातच राहते. चूल अजून पेटत असेल, तर निदान आईने तिच्यापुढे बसू नये.